आतून उघडणारं गेट

लातूर,
येळवस तोंडावर आली

प्रिय पारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते उलटं करून ठेवशील, हे मला इथं बसून दिसून राहिलंय. ठेव. पण रद्दीत घालू नको, फ्रीजवर ठेव, राग उतरला की वाच. माझ्या नातवाच्या, अनयच्या लग्नापासून तू माझ्याशी बोलत न्हाईस. फोन केला तर तुझा श्रीमंत उचलतो आणि आई झोपली म्हणतो. सकाळी अकराला तू झोपतेस होय? लहानपणी तुला दुपारी झोपवायला अव्वा काठी घेऊन बसायची, तरी एक डोळा उघडा ठेवून तू मला हसवायचीस.

पण आज मला सांगितल्याशिवाय राहवत न्हाई. पारू, मी केस जिंकले. म्हणजे मी एकटी न्हाई, माझ्याशी भांडणारी पण जिंकली. दोघी जिंकल्या अशी केस तू कुठं ऐकलीस का? मी तर न्हाई ऐकली. आपल्या बापूंनी बांधाच्या केसमध्ये अर्धं आयुष्य घालवलं, त्यात जिंकले ते फक्त वकील. वैष्णवी म्हणाली, आजी, तू सांग, मी फोनवर पटापट टाइप करते, मावशीआजीला लगेच जाईल. मी म्हटलं न्हाई बाई, पारूला मी हातानंच लिहिणार. का ते शेवटी सांगते. दुसरीत शाळा सुटली माझी, काना मात्रा इकडंतिकडं झाला तर तू सांभाळून घे, तू चौथी शिकलेली.

जाहिदाभाबी तुला माहीत आहे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडातून आम्ही लातूरला आलो, तेव्हा तुझ्या दाजींनी ही जागा घेतली, तिच्या शेजारचं घर भाबीचं. शेजारचं म्हणजे मधली भिंत एकच, चार इंची, इकडं खिळा ठोकला तर तिकडं पोपडा पडतो. बाहेर पडायला बोळ पण एकच, तिचं दार पुढं, माझं मागं. लाटण्यानं भिंतीवर दोनदा ठोकलं की चहा झाला, तीनदा ठोकलं की घरात भांडण लागलंय, सोडवायला ये. माझा बसवंत पोटाच्या दुखण्यानं दवाखान्यात होता तेव्हा माझ्या म्हशीची धार तिनं काढली, जिला म्हैस कोणत्या बाजूनं उभी असते ते माहीत नव्हतं. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी एकमेकींच्या घागरीला नंबर धरले. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीला, ज्वारीची आंबिल तिच्याकडं गेल्याशिवाय आमच्या घरात कोणी तोंड लावत नव्हतं, आणि ईदेचा शीरखुर्मा आमच्याकडं आल्याशिवाय ती आपल्या शारिकला वाढत नव्हती. आणि पारू, तू सोडली तर मला अक्का म्हणणारी जगात ती एकटीच.

आता तू पाहिलेलं लातूर राहिलं न्हाई. गल्लीगल्लीत क्लास, मेस, होस्टेल, झेरॉक्स. पाठीवर खोगीर टाकल्यासारखी दप्तरं घेऊन पोरंपोरी हिंडतात, कोणी किनवटहून, कोणी चाकूरहून, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. एवढे डॉक्टर झाल्यावर आजारी पडायला माणसं कुठून आणायची म्हणून मी विचारते, तर पोरी खी खी हसतात. भाबीनं पण वर दोन मजले चढवले आणि पोरींचं होस्टेल काढलं. पाठांतराचा आवाज भिंतीतून येतो, किनवटची एक पोरगी तर माझ्या ओसरीतच येऊन बसते. पेशीच्या पोटात काय काय असतं ते मला आता पाठ झालंय, परीक्षेला बसवलं तर एखादा मार्क मी पण घेईन.

तर कोरोना सरल्यावर एक दिवस भाबीनं बोळाच्या तोंडाला लोखंडी गेट लावलं आणि नऊ वाजले की कुलूप. मला विचारलं न्हाई. शारिकनं येऊन एक किल्ली बसवंतच्या हातात दिली आणि म्हणाला, दादा, ही तुमची. झालं, एवढंच. बसवंत म्हणाला, बरं झालं आई, चोरचिलट येणार न्हाई. पण मला कुलपामागं झोप येईना गं. माझ्या घराच्या दाराला कडी नसते हे तुला माहीत आहे, मी एक वीट लावते नुसती. पण बोळाला कुलूप म्हणजे सगळ्या घरालाच कुलूप. मी अंथरूण घेऊन गेटापाशी पायरीवर जाऊन बसायची. भाबीनं पाहिलं, म्हणाली, अक्का, ये क्या तमाशा. मी म्हटलं, कुलूप काढ. ती म्हणाली, न्हाई निघणार. का न्हाई ते तिनं सांगितलं न्हाई, का पाहिजे ते मी सांगितलं न्हाई. आपल्या भागातल्या बायका, हट्ट पहिला सांगतो, कारण शेवटी.

मग मी कुलूप उचललं. सकाळी उघडं लटकत होतं, आणलं आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसलं. तिनं नवीन आणलं. ते पण पिठात. तिसरं आणलं, चांगलं पितळेचं, ते पण. तिकडं शारिक चिडला, त्याचं चष्म्याचं दुकान आहे, गिऱ्हाईकासमोर गोड बोलतो पण घरी लई तापट. त्यानं नोटीस पाठवली, त्यात कुलूप चोरी असा शब्द घातला. तो शब्द वाचून बसवंतनं उलटी केस टाकली की बोळ सामाईक, गेट बेकायदा. शाळेत मुलांना भांडू नका शिकवणारा मास्तर आणि लोकांची नजर नीट करणारा चष्मेवाला, दोघं कोर्टात. तारीख, पुन्हा तारीख. लाटणं भिंतीला लागायचं बंद झालं. येळवस आली, मी आंबिल एका लोट्यात वेगळी काढून ठेवली आणि संध्याकाळी कडीपत्त्याच्या झाडाला ओतली. भाबी दिसली तर मी खाली बघायची, ती वर बघायची. अक्का म्हणायला कोणी उरलं न्हाई. तू तिकडं हदगावला झोपलेली, ही इकडं भिंतीपलीकडं मुकी.

एका तारखेला जज्जसाहेबांनी दोन्ही वकिलांना सांगितलं की शेजारधर्माचं प्रकरण आहे, मध्यस्थीनं मिटवून बघा, आता फोनवर पण होते. वैष्णवी वकिलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, ती घरी येऊन नाचायला लागली. तिनं मला समजावून सांगितलं. आधी फोनातलं मशीन दोघांना विचारून बोलणी जुळतात का बघते. न्हाई जुळली तर एक मध्यस्थ बसतो, तो निकाल देत न्हाई, दोघांना बोलतं करतो. तेही न्हाई जमलं आणि दोघांची तयारी असली तर लवाद, म्हणजे तिसरा माणूस निकाल देतो, तोंड वाकडं करून का होईना तो ऐकायचा. मी म्हटलं, मग हे सोयरीक जमवण्यासारखंच झालं. बापू न्हाई का मधला माणूस म्हणून जायचे, मुलीवाल्यांच्या घरी मुलीवाल्यांचं ऐकायचे, मुलावाल्यांच्या घरी मुलावाल्यांचं, आणि इकडचं सगळं तिकडं कधी सांगायचे न्हाईत. वैष्णवी म्हणाली, आजी, बरोब्बर, फक्त बापूंना सायकल लागायची, इथं लिंक लागते.

लिंक म्हटल्यावर मला तू आठवलीस. का ते तुला कळलं असेल. पण ते राहू दे आता.

आधी फोनवर चिठ्ठ्या आल्या. म्हणजे कागदाच्या न्हाई, काचेच्या आतल्या. आपल्याला काय काय पाहिजे ते एकेका चिठ्ठीवर, आणि बोटानं सरकवून वरखाली लावायच्या, सगळ्यात जास्त पाहिजे ती वर. समोरच्याला आपल्या चिठ्ठ्या दिसत न्हाईत. बसवंतनं माझ्यातर्फे पहिली लावली, गेट काढून टाका. मी म्हटलं, सरक तिकडं, केस कोणाची आहे? गेटाशी माझं काय वैर? मी माझ्या बोटानं दुसरीच चिठ्ठी वर नेली, रात्री आतून बाहेर जाता आलं पाहिजे. बोट कणकेचं होतं, काच पिठूळ झाली, वैष्णवी ओरडली. चिठ्ठ्या गेल्या. थोड्या वेळानं मशीननं कळवलं की दोघांची पहिली गरज एकमेकींच्या आड येत न्हाई, बोलणीला जागा आहे. मला वाटलं मशीन बिघडलं.

मग मीटिंगचा दिवस. मी तू दिलेली ती नारिंगी नऊवारी नेसले. बसवंतनं फोन पाण्याच्या माठाला टेकवून उभा केला. मध्यस्थ इंदूमॅडम, नांदेडच्या, केस पांढरे, मागं भिंतीवर मांजराचं कॅलेंडर. मी नमस्कार केला, चहा घेता का विचारलं. त्या म्हणाल्या, ठेवा बाजूला, मिटलं तर येऊन घेते. दुसऱ्या चौकोनात भाबी, ओढणी कपाळापर्यंत, शारिक शेजारी. आणि पारू, काय गंमत सांगू, भाबी बोलली की तिचा आवाज आधी भिंतीतून यायचा आणि मग फोनमधून. एकच शब्द दोनदा. माझा तिकडं तसाच जात होता. इंदूमॅडम म्हणाल्या, तुम्ही दोघी एकाच खोलीत बसलात का? शारिक म्हणाला, न्हाई मॅडम, मधी दीवार है. मॅडम म्हणाल्या, मग ही दीवार फारच बोलकी आहे. त्या हसल्या, आम्ही कोणी हसलो न्हाई.

मॅडमनी चिठ्ठ्यांचं सांगितलं. गुरम्माबाईंना रात्री आतून बाहेर जाता यायला पाहिजे. जाहिदाबींना रात्री बाहेरून कोणी आत यायला नको. ह्यात भांडण कुठं आहे? मी विचारलं, मग आम्ही इतके दिवस कशावर भांडलो? मॅडम म्हणाल्या, कुलपावर. मग त्या म्हणाल्या, गुरम्माबाई, किल्ली तुमच्याकडं आहे, ती का चालत न्हाई? मी म्हटलं, न्हाई चालत. जाहिदाबी, नुसती कडी लावली तर? भाबी म्हणाली, न्हाई चालत. तेव्हा मॅडम म्हणाल्या, मी आता एकेकीशी खाजगी खोलीत बोलते, तिथलं तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगणार न्हाई. आणि भाबीचा चौकोन गेला. काचेवर मी आणि मॅडम, दोघीच. बसवंतला पण मी बाहेर पिटाळला.

पारू, जे मी बसवंतला सांगितलं न्हाई, दाजींना पण नीट सांगितलं नव्हतं, ते त्या मांजरवाल्या बाईला सांगितलं. परकं माणूस, लांब नांदेडला, म्हणून बरं पडलं असेल. मी सांगितलं की विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे आम्ही दोघी बहिणी माहेरी होतो, उकडतं म्हणून बाहेर ओट्यावर झोपलो होतो. आमची आई, अव्वा, आत. तिला चोरांची भीती, रोज दाराला लाकडाचा अडसर घालायची. धरणी हलली तेव्हा आमच्या अंगावर नुसती माती आली, आणि दार वाकडं होऊन अडसर अडकून बसला. आई आतून ओढत होती की न्हाई ते पण आम्हाला कळलं न्हाई, कारण भिंत दगडमातीची, हात पसरला तरी पुरणार न्हाई एवढी जाड. ह्या बाजूनं आम्ही दोघी ओरडत होतो, त्या बाजूनं काही ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, मॅडम, किल्ली हातात असून काय करू? तिच्या पण हातात अडसर होताच की. मला कडीकुलपाचं न्हाई हो, मला एवढंच पाहिजे की हातानं ढकललं की उघडलं पाहिजे. म्हातारीच्या हातानं, पोरीच्या हातानं, कोणाच्याही.

तू वाचून डोळे पुसशील. मी पण लिहिताना थांबले, एक शेंगदाणा खाल्ला आणि पुन्हा बसले. आपण दोघी ह्यावर कधी बोललोच न्हाई ना गं. शेडात शेजारी शेजारी झोपायचो तरी न्हाई.

आता पुढं ऐक, इथंच सगळं उलटंपालटं झालं. माझा उजवा कान गेला आहे, त्यामुळं फोनवर मी बोलते म्हणजे गावाला दवंडी. खाजगी खोली फोनात होती, माझ्या घरात नव्हती. भिंत चार इंची. मॅडम विचारत होत्या, ह्यातलं काही मी जाहिदाबींना सांगू का? मी म्हटलं, थांबा, मला विचार करू द्या. तेवढ्यात भिंतीवर लाटणं वाजलं. दोनदा न्हाई, तीनदा न्हाई, लहान लेकराला थोपटतात तसं, हळूहळू, ठक ठक ठक. मॅडम म्हणाल्या, हा कसला आवाज? आणि माझं दार उघडलं. त्याला कडी नसतेच, तुला माहीत आहे, वीट सरकली आणि भाबी आत. अनवाणी, हातात लाटणं, नाकाचा शेंडा लाल. येऊन माझ्या बाजेवर बसली, माझ्या डाव्या कानाच्या बाजूनं, तिला अजून आठवण होती कोणता कान चांगला. म्हणाली, क्या अक्का, इत्ते बरसां एक दीवार में रहे, एक बार बोल्ते तो क्या होता? मी म्हटलं, तू विचारलंस का? ती म्हणाली, तुम मेरे ताले पीठ में डाल्ते बैठे थे, कब पूछती?

पारू, ती मला अक्का म्हणाली. मला गेटबिट काही आठवेना.

तिकडं भाबीच्या चौकोनात रिकामी खुर्ची आणि शारिक उभा राहून अम्मी, अम्मी करतोय. मॅडमच्या समोर एकाच चौकोनात दोन म्हाताऱ्या, एकीच्या हातात लाटणं. त्या म्हणाल्या, एवढ्या मध्यस्थ्या केल्या, पक्षकार लाटणं घेऊन दुसऱ्या पक्षकाराच्या घरी गेलेला पहिल्यांदा पाहिला, मारायला न्हाई ना गेलात? भाबी म्हणाली, अब देखते.

मग भाबीनं तिचं सांगितलं, आणि ती पण हळू आवाजात सांगणारी बाई न्हाई. गेट लावायच्या आधी एका संध्याकाळी एक पिऊन आलेला माणूस बोळातून सरळ जिन्यानं वर गेला होता. किनवटच्या एका पोरीच्या खोलीचं दार धरून उभा राहिला. पोरींनी आरडाओरडा केला, भाबीनं झाडूनं बडवून त्याला खाली आणला. पण गवगवा केला न्हाई. त्या पोरीच्या बापानं जंगलातल्या गावाहून येऊन लेकीचा हात तिच्या हातात दिला होता, अम्मा, तुमच्या भरवशावर सोडतो म्हणून. बोभाटा झाला असता तर पोरीला घरी नेली असती, शिक्षण तिथंच संपलं असतं. म्हणून तिनं एका दिवसात गेट लावलं, कोणाला कारण सांगितलं न्हाई, मला पण न्हाई, कारण माझा आवाज सगळ्या लातूरला माहीत. ते तिचं बरोबर आहे.

ती पोरगी म्हणजे तीच गं, माझ्या ओसरीत येऊन पेशी पाठ करते ती. मला आजी म्हणते. तिच्यासाठी लावलेलं कुलूप मी पिठात घालत होते. मी मॅडमना म्हटलं, लिहा, गेट राहील. भाबी म्हणाली, लिखो, ताला निकलेगा. मॅडम म्हणाल्या, थांबा थांबा, आता उलट्या बाजूनं भांडू नका.

मग पोरांना आत घेतलं. बसवंत आणि शारिक एकमेकांकडं न बघता माझ्या बाजेच्या दोन टोकांना बसले. शारिकनं फोनवर शोधून दाखवलं, मोठ्या दवाखान्यात असतं तसं दार, आतून आडवी पट्टी ढकलली की उघडतं, बाहेरून किल्लीशिवाय न्हाई. मला ते चित्र इतकं आवडलं की मी फोन हिसकावून घेतला. मी म्हटलं, वर आडवी चौकट नको, दोन खांबांत सुटं पाहिजे, आणि बाहेरच्या बाजूला उघडायला पाहिजे, म्हणजे आत काही पडलं तरी अडकणार न्हाई. बसवंत मला बघतच राहिला. मग म्हणाला, आई, म्हणून तू वीट लावतेस होय. मी म्हटलं, हाव.

करारनामा मॅडमनी तिथंच टाइप केला, वैष्णवीनं मोठ्यानं वाचला. माझं एक कलम मी आग्रहानं घालून घेतलं. दर जूनला नवीन पोरी आल्या की पहिल्याच दिवशी प्रत्येकीनं आपल्या हातानं ते गेट एकदा ढकलून उघडायचं. पुस्तकातलं विसरतं, हाताचं विसरत न्हाई. भाबीनं म्हटलं, येळवशीची आंबिल पण लिखो. मॅडम म्हणाल्या, ते करारात कसं बसवू? भाबी म्हणाली, बिठाव. तर पारू, शेवटी खरंच ओळ आहे, दोन्ही पक्ष पूर्वीप्रमाणे शेजारधर्म पाळतील, सणाच्या देवाणघेवाणीसह. कागदावर आंबिल आली गं. अंगठा न्हाई, सही न्हाई, फोनवर आकडे आले ते सांगितले की झाली सही. पण मी वैष्णवीला म्हटलं, मला पेनानं पण करू दे, आणि छापून आणलेल्या कागदाच्या मागच्या पानावर गुरम्मा लिहिलं.

कुलपं मी पिठातून काढून भाबीला वाजतगाजत परत केली. पितळेच्या कुलपात पीठ शिरून ते घट्ट बसलंय. शारिकनं चोरीचा शब्द मागं घेतला, भाबीनं कुलूप चुलीवरच्या फळीवर ठेवलंय, आल्यागेल्याला दाखवते, ये मेरी अक्का की करामत. गेट बसलं परवा. पहिलं मी ढकललं, मग भाबीनं, मग किनवटच्या पोरीनं. पोरगी म्हणाली, आजी, हलकं आहे. त्या रात्री मी गाढ झोपले, बसवंतनं सकाळी उठवलं. इंदूमॅडम पण चहाला येऊन गेल्या, खरंच आल्या. धपाटी खाल्ली आणि शेंगाची चटणी बांधून नेली.

आता हातानं का लिहिलं ते सांगते. अनयचं लग्न कोरोनात, मोजकी माणसं, पोलिसाची भीती. तुला कुंकू लावून, अक्षता हातात देऊन आवतण द्यायला कोणी हदगावला आलं न्हाई, फोनवर लग्नाची लिंक आली. तू म्हणालीस, सख्ख्या मावशीआजीला लिंक? आणि फोन ठेवलास, तो ठेवलासच. तुझं खरं का माझं खरं हे मी लई दिवस मनात घोळवलं. पण इंदूमॅडमनी त्या सगळ्या मीटिंगीत कोण चुकलं हे एकदा पण विचारलं न्हाई, काय पाहिजे एवढंच विचारलं. म्हणून मी वैष्णवीला म्हटलं, अजून एक केस टाक. ती म्हणाली, कोणावर? मी म्हटलं, पार्वतम्मावर. विषय, बहीण बोलत न्हाई. ती म्हणाली, आजी, असं नसतं. मी मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, समोरचा पक्ष स्वखुशीनं आला तर मी बसते, फी धपाटी. तर येळवशीच्या आदल्या दिवशी श्रीमंतच्या फोनवर लिंक येईल, घाबरू नको, ती मीच पाठवणार आहे. पण ह्या वेळी लिंकच्या आधी आवतण पाठवते. पाकिटात पुडी आहे, कुंकू आणि अक्षता, उघडताना सांडू नको. पत्राच्या कोपऱ्यावर लाल बोट आहे ते माझंच. तुला पण चिठ्ठ्या येतील. मान, आहेर, माफी, येणंजाणं, काय हवं ते वर लाव, मी रागावणार न्हाई. समोरच्याची पहिली चिठ्ठी गुपित असते म्हणतात, पण माझी मी सांगून टाकते, तू मला अक्का म्हणावंस, बाकी काही न्हाई. भाबीला माझं ऐकू आलं ते भिंत चार इंची होती म्हणून. आपल्यामध्ये लातूर ते हदगाव एवढी वाट पडलीय पारू, मी कितीही मोठ्यानं बोलले तरी तुझ्यापर्यंत जायचं न्हाई. म्हणून लिहिलं.

वीट लावलेली आहे, ढकललं की उघडेल.

तुझीच,
गुराक्का